मदत हवी आहे: १० गिगाबिटच्या नेटवर्कवर आरसिंक (फायली कॉपी/सिंक करायचं साधन) रांगतंय

मंडळी, दोन लिनक्स सर्व्हर एकाच रॅकमध्ये, मध्ये १० गिगाबिटचा स्विच. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ व्यवस्थित सेकंदाला ९.४ गिगाबिट (साधारण ११७५ एमबी) दाखवतं, म्हणजे केबल-कार्डावर संशय नाही. डिस्क दोन्हीकडे एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), त्याही निवांत. पण एसएसएचवरून (एन्क्रिप्टेड कनेक्शनवरून) आरसिंक लावलं की सेकंदाला २५० एमबीच्या वर जात नाही. टॉपमध्ये (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) एसएसएचने सीपीयूचा एक कोअर १०० टक्क्यांवर नेलेला, बाकीचे माशा मारतायत. बारीकसारीक फायलींच्या फोल्डरला तर नुसती बोंब. सायफर (एसएसएचची एन्क्रिप्शन पद्धत) बदलून एईएस-जीसीएम केला, थोडाच फरक.

नेटवर्क आतलंच आहे, तेव्हा एसएसएच काढून सरळ आरसिंक डीमन (एसएसएचशिवाय, पार्श्वभूमीत चालणारा आरसिंकचाच सर्व्हर) चालवावा का? की फोल्डर वाटून चार-पाच आरसिंक एकदम सोडावेत? पण हार्डलिंक (एकाच फायलीची अनेक नावं) वेगवेगळ्या फोल्डरांत पसरल्यात, वाटणीत त्या तुटतील ना? कुणी केलं असेल तर सांगा.