समृद्धीवर वयस्कर माणसाला घेऊन जाताना गाडी थांबवायची कुठे?

नागपूरची लेक:
नमस्कार, पुढच्या आठवड्यात समृद्धीने शिर्डीला चाललोय. ५२० किमी आहे, बाबा ७४ वर्षांचे, शुगर आहे, तासाभराने उतरावंच लागतं त्यांना. मागच्या वेळी मिस्टरांनी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गाडी घेतली, मी बाबांचा हात धरून त्यांना उतरवत होते तेवढ्यात बाजूने एक ट्रेलर गेला, अख्खी गाडी हलली आणि बाबांची टोपी उडून रेलिंगपलीकडे गेली. तेव्हापासून धसकाच घेतलाय मी. जे नेहमी जातात त्यांनी सांगा ना प्लीज.

स्टेअरिंगवाला:
ताई, ती कडेची पट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी आहे, लघवीला, चहाला, फोनला तिथे थांबायचंच नाही. पंप लांब लांब आहेत म्हणून बाबांना लागेपर्यंत वाट बघू नका, पंप दिसला की उतरवा. मधेच लागलं तर सरळ इंटरचेंजला खाली उतरा, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, कुठेही. टोल किलोमीटरवर कापतात, त्यामुळे उतरून परत चढलं म्हणून नागपूरपासूनचा टोल पुन्हा भरावा लागत नाही, लोक उगाच त्या भीतीने रस्त्यातच थांबतात. आणि रात्री तर नकोच, पेंगुळलेला ड्रायव्हर पुढच्या लाल लाईटच्या मागे मागे येतो, तुमची गाडी उभी आहे हे त्याला कळतच नाही.

जालनेकर:
वरच्या दादांशी १०० टक्के सहमत. आमचा टायर मे महिन्यात फुटला होता म्हणून सांगतो, गाडी खरंच बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा, जमेल तेवढी डावीकडे घ्या आणि सगळ्यांना डाव्या दारानेच उतरवून रेलिंगपलीकडे न्या. गाडीत बसून राहू नका, एसी चालू असला तरी. उभं राहायचं ते गाडीच्या पुढे नाही, थोडं मागच्या बाजूला, कारण कोणी धडकलं तर गाडी पुढे फेकली जाते. पुलावर असाल तर आधी बघा, रेलिंगपलीकडे खोल असतं. मागच्यांना इशारा द्यायचा तो लाल चमकणारा त्रिकोण लोक डिक्कीला चिकटून ठेवतात, त्याचा काय उपयोग? १२० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे ५० मीटरवर ठेवलात तरी मागच्याला दीड सेकंद मिळतो. चांगला १०० मीटर मागे ठेवा आणि ठेवायला रेलिंगच्या पलीकडून चालत जा. उजवीकडचा टायर स्वतः बदलायला बसू नका, पाठ ट्रॅफिककडे होते. मदत येत नसेल तर ११२ लावा.

नागपूरची लेक:
खूप खूप धन्यवाद दोघांना. मिस्टरांना वाचून दाखवलं, त्रिकोण डिक्कीत सामानाच्या तळाशी होता तो वर काढून ठेवलाय. एकच विचारायचं, पंक्चर झालं आणि गाडी हळू चालत असेल तर?

स्टेअरिंगवाला:
तर थांबू नका ताई, चारही इंडिकेटर लावून २० च्या स्पीडने कडेकडेने रुंद जागेपर्यंत किंवा पंपापर्यंत न्या. टायर, रिम खराब झाली तर होऊ द्या, नवीन मिळते.