पेप्टाइड : पावडर, सीरम की इंजेक्शन? मदत हवी आहे

सांजवारा :
गुडघ्यासाठी कोलेजन पेप्टाइडची पावडर, चेहऱ्याला पेप्टाइड सीरम आणि स्नायूची दुखापत लवकर भरून यावी म्हणून बीपीसी-१५७ या पेप्टाइडची इंजेक्शनची कुपी, असा तिहेरी सल्ला जिममध्ये मिळालाय. तिन्ही एकच का? सुईची भीती वाटते, कुपीतलं तोंडाने घेतलं तर चालेल?

खलबत्ता :
नाव एक, कामं वेगळी. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची साधारण ५० पर्यंतची साखळी म्हणजे पेप्टाइड. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ९ चं, सेमाग्लुटाइड हे मधुमेह-वजनाचं औषध ३१ चं. साखळीतला क्रम बदलला की काम बदलतं, त्यामुळे 'पेप्टाइड घेतो' म्हणणं 'गोळी घेतो' म्हणण्याइतकंच मोघम.

तोंडाने घेतलेली बहुतेक पेप्टाइडं पोटातली विकरं (एन्झाइम) तोडून टाकतात. इन्सुलिन टोचावं लागतं ते याचमुळे. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली खरी, पण शोषणासाठी वेगळा घटक घालूनही जेमतेम १ टक्का रक्तात पोचतं. म्हणून ती उपाशीपोटी, फार तर १२० मिली पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे ३० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. नाश्त्याबरोबर घेतली तर फुकट.

कोलेजनची पावडर मुळात तोडलेलीच असते, तिचं पचन अडत नाही. २.५ ते १० ग्रॅम रोज, दोन-तीन महिने घेऊन बघा. गुडघेदुखीत थोडाफार फरक पडू शकतो, चमत्कार नाही. तिच्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं, तेव्हा रोजच्या प्रथिनांच्या हिशोबात धरू नका. सीरम त्वचेत फार खोल जात नाही. सुरकुत्यांवर माफक परिणाम, तोही नियमित लावलं तर.

बीपीसी-१५७चा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे. औषध म्हणून मान्यता नाही आणि २०२२ पासून खेळाडूंना बंदी. तोंडाने नको आणि सुईनेही नको.

सांजवारा :
कुपीवर ५ मिग्रॅ लिहिलंय, '१० युनिट घे' असं सांगितलंय. म्हणजे किती?

थेंबेथेंब :
कुपीत कोरडी पावडर असते, तिच्यात पाणी किती घालायचं ते सांगितलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.१ मिली द्रव, बस. कुपीत १ मिली पाणी घातलं तर त्या ०.१ मिलीत ०.५ मिग्रॅ येतं, २ मिली घातलं तर ०.२५. युनिट आणि मिलिग्रॅमच्या अशाच घोळात लोकांनी सेमाग्लुटाइड ५ ते २० पट जास्त टोचून घेतल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२४ मध्ये दिला होता. उलट्या थांबेनात म्हणून काहींना दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

शिवाय 'फक्त संशोधनासाठी' छापलेल्या कुपीत नक्की काय आहे, ते निर्जंतुक आहे का, याची हमी कोणी घेत नाही. द्रव काचेसारखा नितळ दिसला तरी त्यात जिवाणूंचं विष असू शकतं. टोचल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

आधीच टोचलं असेल आणि ताप आला किंवा लाली पसरत चालली, तर कुपी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. नुसतं 'पेप्टाइड घेतलं' एवढं सांगून त्यांना काही कळणार नाही.