विषय: हॉर्सशू कॅनियन – मुक्काम, पाणी, रोडगे

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरात नागपूरहून आम्ही चौघं येतोय. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हॉर्सशू कॅनियनच्या पश्चिम काठावर एक रात्र तंबूत, सकाळी उतरून ग्रेट गॅलरी, म्हणजे खडकावरची प्राचीन चित्रं. दोन दिवसांना दहा लिटर पाणी पुरावं; आम्हाला मे महिन्याची सवय आहे. रात्री निखाऱ्यांवर रोडगे जमतील का?
– धरमपेठेहून

उत्तर १
दादा, दहा लिटर पहिल्याच दिवशी संपतील. मे महिन्यातलं नागपूरही कोरडंच, पण घरी माठ असतो. इथे शौचालय आहे, नळ नाही. माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे ३२. वर स्वयंपाक-भांड्यांना ८. हे ४० लिटर एकाच कॅनमध्ये नको, फुटला तर सगळंच गेलं. दहा-दहाचे चार घ्या.

हायवे २४ सोडला की सुमारे ४८ किलोमीटर कच्चा रस्ता. गाडीची टाकी ग्रीन रिव्हर किंवा हँक्सव्हिल गावातच फुल्ल करा. पाऊस झाला तर चिखलात फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही सरकते. रस्ता वाळेपर्यंत आहात तिथेच थांबायचं. त्यासाठी एका दिवसाचं जास्तीचं पाणी आणि चिवडा ठेवा.

रोडग्यांचं विसरा. तिथलं वाळलेलं लाकूड गोळा करून जाळू नये. गॅसवर खिचडी करा. गॅसची डबी इथे आल्यावरच घ्या, विमानात नेऊ देत नाहीत.

उत्तर २
तंबूबद्दल कुणी बोललंच नाही. वाळूत उभी खुंटी धरत नाही, रात्रीच्या वाऱ्यात तंबू उडतो. कापडी पिशवीत वाळू भरा, तोंडाशी दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. दोरी तिरपी, जमिनीलगत निघाली पाहिजे. सरळ वर ओढली तर पिशवी उपसून येते. परतताना पिशव्या रिकाम्या करून आणा. रात्र चांगलीच गार असते, स्वेटर हवाच.

दरीत मुक्कामाला परवानगी नाही. ग्रेट गॅलरीला जाऊन-येऊन ११ किलोमीटर, उतार २४० मीटर, सहा तास धरा. उजाडताच निघा, कारण शेवटचा चढ वाळूचा आणि दुपारी उन्हातला. प्रत्येकाच्या पाठीवर त्याचे ४ लिटर हवेत. वरच्या अंगाला ढग दाटले असतील तर उतरूच नका; तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी लोंढा येतो.

चित्रं बॅरियर कॅनियन शैलीची: बहुतेक हातपाय नसलेल्या लांबट आकृत्या, काही माणसापेक्षा उंच. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या प्राचीन शिळांवरचे खळगे आपण बोटाने चाचपतो, तसं इथे मुळीच नको. हाताचं तेल खडकावर राहतं. फोटो ठळक यावा म्हणून पाणीही शिंपडू नका. दुर्बीण मात्र न्या, वरच्या आकृत्यांमधलं बारीक काम तिच्यातूनच दिसतं.