शब्दचर्चा : इंद्रियदमन, मंदक्रोध आणि 'दमानं घे'

कृष्णाकाठ (मिरज)

आमच्या मंडळीच्या तरुण संघात सध्या बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय चालू आहे. आत्म्याच्या फळाचं वर्णन आलं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि शेवटी इंद्रियदमन. आधीचे आठ शब्द मुलांनी सहज घेतले. नवव्यापाशी सगळी अडली. कुणी म्हणालं ब्रह्मचर्य, कुणी म्हणालं उपास. बारावीतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, यात राग येतो का? राग काय इंद्रिय आहे?" प्रश्न मनापासूनचा होता, कारण त्याच्या घरी त्याच्या रागावरून रोज काही ना काही होतं.

तर दोन गोष्टी विचारते. इंद्रियदमन हा शब्द रागाला लागू पडतो का? आणि इफिसकरांस पत्रात (४:२६) "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका" असं आहे, तिथलं 'रागावा' मराठी कानाला कसं लागतं? मुलांना ती चक्क परवानगी वाटते.

वाईचे गुरुजी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे मराठीचं स्वतःचं काही आहे.

संस्कृतात 'राग' रञ्ज् धातूपासून येतो. रंगणे, लाल होणे, आणि त्यावरून आसक्ती. 'रागद्वेष' या जोडीत राग म्हणजे ओढ, द्वेषाच्या उलट. आपण मराठीत मात्र राग म्हणजे कोप असाच अर्थ धरला. हिंदीवाल्याला "मला राग आला" म्हणून बघा, तो गाणं ऐकायला बसेल.

खरी गंमत क्रियापदांत आहे. "मला राग आला" या वाक्यात 'मी' कर्ता नाही. कर्ता राग आहे, मी फक्त 'मला'. तहान लागते, झोप येते, तसा राग येतो. पण त्याच्या पुढची सगळी क्रियापदं माझी: मी राग धरतो, राग काढतो, राग गिळतो, राग आवरतो, राग सोडतो. "तो माझा राग करतो" म्हटलं की ते वैरच. म्हणजे राग येण्यापर्यंत माणसाकडे बोट जात नाही, तो धरला किंवा काढला की जातं. तुमच्या वचनाची विभागणी मला नेमकी इथेच दिसते.

'रागावणे'चा आणखी एक अर्थ ध्यानात घ्या. "बाई मला रागावल्या" म्हणजे बाईंनी मला झापलं. मुलांच्या तोंडी तर हाच अर्थ जास्त. त्यामुळे "तुम्ही रागावा" हे त्यांना "खुशाल झापा" असं ऐकू जात असेल तर नवल नाही. वर्गात सांगताना "राग आला तरी पाप करू नका" असं म्हणावं.

पलूसचा ऊसवाला

गुरुजी, बरोबर. आमच्याकडं 'डोस्कं फिरलं' म्हणत्यात, त्यातबी डोस्कं आपलं आपण फिरतंय. 'डोक्यात राख घालून घेतली' म्हटलं की मग ती आपण घातलेली असती.

धरलेल्या रागाला आमच्याकडं तीन शब्द हायत आणि तिन्ही येगळे. अढी म्हणजे मनात बसलेली गाठ, बोलणंचालणं चालू ऱ्हातं पण मोकळं नसतं. खुन्नस म्हणजे समोरासमोरची, नजरेतली. डूख म्हणजे सापाचा, वेळ आली की चावायचंच असं ठरवून ठेवलेला. भाऊबंदकीत बांधापासनं सुरुवात हुती आणि डूखापतोर जाती.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याच शेतात झालं. विहीर सामाईक, मोटर एक, पाळी ठरल्याली. लाईट रात्रीची. माझ्या पाळीला दारं धरायला गेलो तर पाटात पाणी न्हाई, थोरल्या भावाच्या रानात चाललंय. खोरं खांद्यावर हुतं तसाच निघालो. अर्ध्या वाटंत आठवलं की हातात काय हाय. खोरं लिंबाच्या बुडाला टेकवलं आणि मोकळ्या हातानं गेलो. बोललो चढ्या आवाजातच, खोटं सांगत न्हाई. पण खोरं झाडाखाली हुतं.

सांगलीचे पाळक

दादा, तुम्ही खोरं ठेवलं आणि मला उत्पत्तीचा चौथा अध्याय डोळ्यापुढे आला. काइन शेतकरीच होता, हाबेल त्याचा सख्खा भाऊ, आणि झालं तेही शेतातच. पण त्याआधी देव काइनाशी बोलतो, ते आपण घाईत वाचून जातो. तुला राग का आला, तुझं तोंड का उतरलं, असं विचारतो. पाप दाराशी टपून आहे, तू त्याला दाबात ठेव, असं सांगतो. राग आलेला आहे, खून अजून झालेला नाही. त्या मधल्या जागेत देव माणसाशी बोलतोय.

गुरुजींच्या व्याकरणाला जोड देतो. "काइनाला राग आला" याचं मूळ हिब्रू शब्दशः घेतलं तर "काइनाला पेटलं" असं होतं. तिथेही काइन कर्ता नाही, आपल्यासारखं 'काइनाला' आहे. मराठी भाषांतरकाराला या वाक्यात काही ओढाताण करावी लागली नसणार.

आता मंदक्रोध. स्तोत्र १०३:८ मध्ये परमेश्वर "मंदक्रोध व दयामय" आहे. हिब्रूत तिथे 'एरेख अप्पाइम' आहे. 'अफ' म्हणजे नाक, आणि तोच शब्द रागालाही. शब्दशः 'लांब नाकाचा'. रागावलेल्याचा श्वास आखूड आणि जोरात चालतो, नाकपुड्या फुलतात. ज्याचा श्वास लांब तो मंदक्रोध. आपणही म्हणतोच की, "त्याच्या नाकावरच राग असतो."

रात्रपाळी (मिरज)

पाळकसाहेब, इफिसकरांतलं 'रागावा' हे वचन ज्यावरून आलं त्या स्तोत्र ४:४ चं मूळ क्रियापद 'रागज' आहे असं मी एका अभ्यासात ऐकलं होतं. आपल्या 'राग'शी त्याचं काही नातं?

सांगलीचे पाळक

ध्वनी जुळतो, नातं काही नाही. 'रागज' म्हणजे हादरणं, थरथरणं, मग ते भीतीने असो वा रागाने. जुन्या ग्रीक भाषांतरात त्या जागी रागाचं क्रियापद आलं आणि या पत्रांचा लेखक पौल याने इफिसकरांना लिहिताना तेच शब्द घेतले. म्हणून स्तोत्रातला आणि पत्रातला मराठी शब्द सारखा नाही.

ग्रीकचा विषय निघालाच आहे तर तरुण संघाच्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. 'इंद्रियदमन'साठी मूळ शब्द 'एन्क्रातेइया'. 'एन' म्हणजे आत, 'क्रातोस' म्हणजे सत्ता, बळ. आत सत्ता असणं. त्यात इंद्रिय हा शब्द नाही आणि दाबणंही नाही. आपल्याकडे शम-दमाची, म्हणजे मन आणि इंद्रियं आवरण्याची, जुनी परंपरा होती, भाषांतरकारांना तयार शब्द मिळाला. तो वाईट नाही, पण ऐकणारा जीभ आणि डोळे यांच्यापुढे जात नाही. नीतिसूत्रे १६:३२ मध्ये मात्र रागाच्याच संदर्भात 'आत्मसंयमन' आलं आहे: आत्मसंयमन करणारा नगर जिंकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. तेव्हा ताई, मुलाला सांगा की राग यात येतो, आणि अगदी पुढच्या रांगेत येतो.

कुंडल तालीम

हीच गोष्ट खेळाडूबद्दल पण आहे ना कुठेतरी?

सांगलीचे पाळक

हो. करिंथकरांस पहिले पत्र, ९:२५. स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सर्व गोष्टींविषयी इंद्रियदमन करतो. करिंथाजवळ इस्थमियन खेळ भरायचे, त्यात कुस्तीही असायची. ऐकणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली.

कुंडल तालीम

मग आमचा वस्ताद सांगतो तेच. समोरच्याने मुद्दाम कानशिलात हात मारला की नवा पोरगा तापतो, सरळ अंगावर धावतो आणि त्याच धावण्यावर चितपट होतो. जुना पैलवान एक पाऊल मागे घेतो, मान सैल करतो, पुन्हा सलामी घेतल्यासारखा उभा राहतो. राग त्यालाही आलेला असतो. तेवढ्यासाठी वर्षभर पहाटे उठून मेहनत केलेली असते, आखाड्यात उतरून ते येत नाही.

रात्रपाळी (मिरज)

मी परिचारिका आहे. दोन गोष्टी बोलायच्या आहेत, त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची.

पहिली. रात्री दोन वाजता नातेवाईक अंगावर येतात. डॉक्टर का नाहीत, बिल एवढं का, आमचा माणूस बरा का होत नाही. मीही माणूस आहे, कानशिलं तापतात. तेव्हा मी सलाईनच्या नळीतले थेंब मोजते. घड्याळात बघून पंधरा सेकंद. ते काम तसंही करायचंच असतं, आणि तेवढ्यात माझा श्वास खाली बसतो. मग बोलते, आणि मुद्दाम हळू बोलते, म्हणजे ऐकायला समोरच्यालाही आवाज खाली आणावा लागतो. मृदू उत्तराने कोपाचं निवारण होतं हे नीतिसूत्रांतलं वचन मी वॉर्डात खरं होताना पाहिलंय. दर वेळी होतं असं नाही. याला राग गिळणं म्हणत नाहीत. गिळलेला राग मी घरी नेते आणि पोरांवर काढते. आवरलेला राग तिथेच संपतो.

दुसरी. 'सहनशीलता' आणि 'सौम्यता' हे शब्द आपल्या घरांत चुकीच्या माणसाला ऐकवले जातात. नवरा मारतो आणि बायकोला सांगतात, सहनशील राहा, वचन आहे. याकोबाच्या पत्रात (१:१९) "ऐकावयास तत्पर, बोलावयास धीमा, रागास मंद" असं म्हटलंय ते प्रत्येकाला, म्हणजे ज्याचा हात उठतो त्याला सगळ्यात आधी. मार खाणारीने मदत मागणं हा आत्मसंयमनाचा भंग नाही. हे मंडळीत व्यासपीठावरून सांगितलं जावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सांगलीचे पाळक

ताई, विनंती मान्य. येत्या रविवारी उपदेशात हे सांगतो. सोबत मार्काचा तिसरा अध्याय घेतो. शब्बाथ दिवशी, म्हणजे काम न करण्याच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस आहे, आणि येशू त्याला बरं करतो का, म्हणजे दोष ठेवता येईल, म्हणून लोक टपून आहेत. येशू त्यांच्याकडे रागाने बघतो. तिथे 'राग' असा स्पष्ट शब्द आहे, आणि त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे खिन्न झाला असंही आहे. त्या रागातून पुढे काय झालं? त्या माणसाचा हात बरा झाला. आपल्या रागातून कुणाचा हात बरा होतो आणि कुणाचा मोडतो, ही कसोटी मी स्वतःला लावतो.

शाहूपुरी (सातारा)

आमच्या गावाचा एक संदर्भ. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यात राहायला आले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथे सुरू केला. १९१९ साली मुंबईत वारले. एवढा मोठा कवी, भक्त, आणि स्वभावाने तापट. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिताना ते जराही झाकलं नाही, आणि त्यांचं प्रेमही तितकंच मोकळेपणाने लिहिलं. मला यातून धीर येतो. बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण स्वभाव त्या दिवशी धुऊन निघाला नाही. पौलाने यादीला 'फळ' म्हटलंय ते म्हणूनच असावं. फळ धरायला वेळ लागतो.

शब्दांपुरतं सांगायचं तर 'तापट' आणि 'खुनशी' यांत आपण फरक करतो तो योग्य आहे. तापट माणसाचा राग निवळतो, खुनशी माणसाचा मुरतो. इफिसकरांस ४:३१ मध्ये 'संताप' आणि 'क्रोध' वेगवेगळे आलेत तेही असेच: मूळ ग्रीकमधला एक उसळणारा, दुसरा बसलेला.

रात्रपाळी (मिरज)

फरक मान्य. पण निवळेपर्यंतच्या दोन मिनिटांत घरच्यांवर काय गुदरतं ते तापट माणसाला कळत नाही, घरच्यांना कळतं. "मनात काही नसतं हो त्यांच्या" हे वाक्य मी फार बायकांच्या तोंडून ऐकलंय. टाके घालताना ऐकलंय.

कृष्णाकाठ (मिरज)

सगळ्यांचे आभार, पुढच्या शनिवारची तयारी झाली. मुलांना सांगायला मला एक शब्द सापडलाय, गुरुजींनी तपासावा. आपण सगळेच रोज म्हणतो: दम धर, दमानं घे. फारसी 'दम' म्हणजे श्वास. संस्कृत 'दम' म्हणजे संयम, इंद्रियदमनातला. मुळं वेगळी, पण मराठीत दोन्ही एका अक्षरजोडीत येऊन बसलीत. आणि पाळकसाहेबांचा 'लांब श्वासाचा' तो मंदक्रोध. तेव्हा फळ्यावर 'इंद्रियदमन' लिहून त्याखाली 'दमानं घेणं' लिहिलं तर चालेल?

वाईचे गुरुजी

चालेल, फक्त व्युत्पत्ती म्हणून सांगू नका, समजावणी म्हणून सांगा. आणि 'दम देणे' म्हणजे धमकावणे हेही मुलंच तुम्हाला सांगतील, तयार राहा. त्यापेक्षा मला 'आवर' जवळचा वाटतो. राग अनावर होतो, तो आवरतात, आणि घरही आवरतात. घर एकदा आवरून भागत नाही, रोज आवरावं लागतं.

एक शब्द मात्र या चर्चेत कुणी घेतला नाही: अबोला. आपल्याकडे रागाचा हा प्रकार सभ्य मानला जातो. "मी एक शब्द बोललो नाही त्याला" असं लोक अभिमानाने सांगतात, आणि तो न बोललेला शब्द वीस-वीस वर्षं चालतो, लग्नाला जात नाहीत, मयताला जात नाहीत. संयम म्हणून खपणारा हा धरलेला रागच.

सांगलीचे पाळक

गुरुजी, "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये" हे अबोल्यालाच लागतं. पुढच्याच ओळीत सैतानाला वाव देऊ नका असं आहे, मूळ शब्द 'जागा' असा आहे. रात्रभर राग ठेवला की ती जागा झाली.

आणि मत्तय ५:२३-२४ बघा. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. राग भावाच्या मनात आहे, माझ्या नाही. तरी उठून जायचं मला सांगितलंय. अबोल्यात नेमकं हेच अडतं: आधी कोण बोलणार.

पलूसचा ऊसवाला

थोरल्यानं बोलावं का धाकट्यानं, यावर आमच्यात पुरा उन्हाळा गेला. पाऊस लागल्यावर मी गेलो. वहिनीनं च्या ठेवला. पाळीचा कागद नवा लिवला, त्यात रात्रीची लाईट आठवडा-आठवडा वाटून घेतली. विहीर दोघांची हाय आणि मोटरीची किल्ली आता त्याच्या सोप्यात खुंटीला असती.