सल्ला हवा: चिडाच्या (हिमालयातल्या पाइनच्या) बियांपासून कटिंग करून बोन्साय, कळव्यात जमेल का?

रोपवेडी_कळवा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात राणीखेतला गेलो होतो, तिथून चिडाचे दोन-चार बंद शंकू आणले. घरी उन्हात ठेवल्यावर ते उमलले आणि आतून पातळ पंखाचं मूठभर बी निघालं. बी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलंय. आता वाचतेय की रोप कोवळं असतानाच त्याचं मूळ कापून टाकायचं आणि वरचा भाग कटिंगसारखा परत लावायचा, म्हणजे बोन्सायला मुळं छान पसरट येतात. कोणी केलंय का? सातवा मजला, पश्चिमेची बाल्कनी, दुपारी एकपासून मावळतीपर्यंत कडक ऊन. माती काय घेऊ आणि कधी पेरू? बजेट सगळं धरून १५०० रुपये. "त्यापेक्षा तयार घ्या" हे कृपया नको, बी आधीच घरात आहे.

नेरूळची_गच्ची
ताई, खरं सांगू का, तयार घ्या. मी मागच्या वर्षी ज्युनिपर घेतलं, ९००० ला, कुंडीसकट. दिसायला अगदी डोंगरातलं झाड. बियांपासून करायचं तर दहा वर्षं थांबा.

घोडबंदर_काका
मी पाइन म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड पुढे अरौकेरिया निघालं, नाताळात सजवतात ते. नर्सरीचं नाव घेत नाही, रोज तिथूनच जा-ये असते. सांगायचा मुद्दा, विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याकडे स्वतःचं बी आहे ते बरं आहे. माती साधी लाल माती आणि शेणखत, निम्मं-निम्मं. आम्ही आयुष्यभर तेच वापरलं.

जांभाखडी
काका, पाइनला शेणखत आणि लाल माती दिली तर पहिल्या पावसाळ्यात मुळं कुजतात.

रोपवेडी, चीड ठाण्यात उकाड्याने मरत नाही. हिमालयात ते साधारण ४५० मीटर उंचीपासून वर वाढतं, पायथ्याचा उन्हाळा त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे मारते ती ओल. जूनपासून चार महिने कुंडी सुकतच नाही. त्यामुळे सगळं लक्ष पाण्याच्या निचऱ्यावर.

कटिंगची पद्धत खरी आहे. जपानी काळ्या पाइनवर सर्रास करतात. मोठ्या पाइनची फांदी सहसा मुळं धरत नाही, कोवळं रोप धरतं. रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते कापलं की कापाच्या कडेने चहूबाजूंनी नवीन मुळं सुटतात आणि खोडाचा तळ पुढे चांगला दिसतो.

बी २४ तास पाण्यात भिजवा, तरंगेल ते फेका. जाड धुतलेल्या वाळूत सेंटीमीटरभर खोल पेरा. चिडाला थंडीची गरज नाही. बीजपत्रं (बियातून निघणारी पहिली पानं) उघडून पसरली, पण मधल्या खऱ्या सुया लांब व्हायच्या आत कापायचं. नवं दाढीचं ब्लेड घ्या. बीजपत्रांखाली दीडेक सेंटीमीटर देठ ठेवून एका झटक्यात आडवा काप, मग मुळं फुटण्यासाठी मिळते ती पावडर लावून टूथपिकने केलेल्या भोकात बसवा. वरून पारदर्शक डबा, सावली पण उजेड. महिना-दीड महिना ओढून बघायचं नाही.

पेरणी दिवाळीनंतर. आत्ता ऑक्टोबरचं ऊन आहे, शिवाय हवेत दमटपणा राहिलेला. रोपं कोलमडतील.

ऐरोली_सेक्टरवाला
मी तर म्हणतो ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, घ्या. माझा ४५०० चा आहे, वीज फार खात नाही. अकादामा माती ऑनलाइन मिळते, जपानहून येते, तिच्याशिवाय पाइन म्हणजे वेळ घालवणं. आणि चिडाच्या सुया २० ते ३० सेंटीमीटर, छोट्या झाडावर झिपऱ्या वाटतील. काळ्या पाइनचं बी जपानहून थेट मागवा, सरळ पाकिटात येतं.

मुक्ता_ठाणे_पूर्व
बजेट १५०० लिहिलंय ना?

ऐरोली_सेक्टरवाला
छंदाला बजेट नसतं.

जांभाखडी
बी "सरळ पाकिटात" मागवू नका कोणीच. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. पाकीट आलं तर नशीब, अडकलं तर पैसे गेले. आणि "बोन्सायचं बी" असं काही नसतं, झाडाचं बी असतं.

अकादामाची गरज नाही. विटांचा चुरा चाळून २ ते ५ मिलिमीटरचे तुकडे घ्या, बारीक धूळ पाण्याने काढा. जोडीला जांभ्याची खडी आणि थोडं परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे). खाडीची वाळू घेऊ नका, मीठ असतं.

खारघर_टेकडी
कोकोपीटचं कोणी बोललं नाही? मी कोकोपीटमध्येच सगळं लावतो. जास्वंद, पुदिना, मिरची, सगळं छान येतं.

जांभाखडी
पुदिन्याला चालतं. पाइनला कोकोपीट म्हणजे पावसाळ्यात ओला स्पंज.

खारघर_टेकडी
माझं मत आहे. प्रत्येकाचा अनुभव वेगळा.

सुमती_वाशी
घरात बोन्साय ठेवू नये म्हणतात, वाढ खुंटते. आमच्या शेजारी होतं, त्यांच्या मुलाची नोकरी गेली. बाकी तुमची इच्छा.

मुक्ता_ठाणे_पूर्व
काकू, बोन्सायमुळे गेली की कंपनीमुळे?

घोडबंदर_काका
सुमतीताईंनी सांगितलं ते चुकीचं नाही. आमच्या घरीही असं मानतात. म्हणून मी बाल्कनीत ठेवतो, घरात नाही.

नेरूळची_गच्ची
अहो, बाल्कनी घरातच येते ना काका? 😄 बरं, मूळ प्रश्न. मला वाटतं सुरू घ्या! कोकणात समुद्रकाठी असते ती. पाइनसारखीच दिसते, ठाण्यात जोमात वाढते. मी मुरूडहून छोटं रोप आणलं होतं, ज्युनिपर गेल्यावर त्याच कुंडीत लावलं.

मुक्ता_ठाणे_पूर्व
ज्युनिपर गेलं??

नेरूळची_गच्ची
जुलैत. तो विषय नको.

जांभाखडी
सुरूचा सल्ला मात्र चांगला आहे. ती पाइन नाही, फुलझाडांच्या कुळातली आहे. दिसतात त्या सुया म्हणजे सांधे असलेल्या हिरव्या काड्या, खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांएवढी. पण खारं वारं, ऊन, ओल सगळं सोसते. इंडोनेशियात सुरूचे उत्तम बोन्साय करतात. रोपवेडी, पश्चिमेच्या बाल्कनीत पहिला प्रयोग म्हणून सुरू, आणि चीड बाजूला हळूहळू.

चिडाचीच हौस असेल तर पुढचं ऐका. कटिंगला मुळं धरली की डबा एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडा वेळ उघडा, मग सकाळचं ऊन द्या. तुमचं ऊन दुपारचं आहे, पहिलं वर्ष हिरवी जाळी लागेल. नंतर मात्र पूर्ण उन्हात. पावसाळ्यात कुंडी भिंतीलगत, वर पत्रा किंवा प्लास्टिक, खाली बशी नाही. मुळांत पांढरे धागे दिसले तर बुरशी म्हणून धुऊन काढू नका, पाइनला ती बुरशी हवी असते. दुसऱ्या वर्षी खोड वाकेल इतपत असतानाच अॅल्युमिनियमची तार लावा. नंतर खोड वाकवायला गेलात तर ते मोडेल.

निम्म्या कटिंग गेल्या तरी वाईट वाटून घेऊ नका.

ऐरोली_सेक्टरवाला
मीही हेच सांगत होतो, निचरा महत्त्वाचा.

मुक्ता_ठाणे_पूर्व
तुम्ही ग्रो लाइट सांगत होतात.

खारघर_टेकडी
सातव्या मजल्यावर कुंड्या ग्रिलवर ठेवणार असाल तर सोसायटीची परवानगी बघा. आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर लाल पाणी पडलं, त्यावर दोन सभा झाल्या. विटांचा चुरा म्हणजे अजून लाल.

घोडबंदर_काका
हा मुद्दा बरोबर. आमच्या सेक्रेटरीने तर सगळ्या कुंड्या गच्चीवर न्यायला लावल्या. गच्चीवर माकडं येतात, येऊर जवळ आहे. मी लावलेली आंब्याची रोपं त्यांनी उपटून टाकली.

रोपवेडी_कळवा
सगळ्यांचे आभार. विटांचा चुरा, जांभा आणि परलाइट घेतलं, वाळूसकट ६४० मध्ये झालं. मुळांची पावडर आणि बुरशीनाशक धरून ९०० च्या आतच. ब्लेड घरचं.

आणि बी काल दसऱ्याला पेरलं. सगळं. माहीत आहे दिवाळीनंतर सांगितलं होतं, पण साडेतीन मुहूर्तांतला एक, शिवाय मुलीला सुट्टी होती, तिने स्वतः एकेक बी ठेवलं. सुरू आणणार नाही, मला सुया लांबच हव्यात.

जांभाखडी
अहो ताई! ऑक्टोबर हीटमध्ये! बरं. बुरशीनाशक पेरणीच्या पाण्यातूनच द्या, रोप कोलमडल्यावर देऊन काही होत नाही. आणि ट्रे पश्चिमेच्या उन्हातून आजच आत घ्या.

रोपवेडी_कळवा
आत घेतला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, उजेड आहे, ऊन नाही.

सुमती_वाशी
स्वयंपाकघरात तर अजिबात नको गं.

खारघर_टेकडी
कोकोपीट घेतलं असतं तर २०० मध्ये झालं असतं. असो. कोणाकडे सोनचाफ्याचं कलम आहे का? खारघर किंवा बेलापूरपर्यंत येऊन घेऊन जाईन.