१:४ क्ले मॉडेल: डिकी वेगळी चिकटवल्यासारखी दिसते, तिथेच तडाही गेला

नवशिका_मॉडेलर
कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ४ मीटरच्या आतली सेडान करतोय, खऱ्याच्या चौथ्या भागाएवढी. लांबी ३९९५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे मॉडेलवर साधारण ९९९ आणि ६१२. प्लायवूडचा सांगाडा, वर थर्माकोल, त्यावर सुमारे २५ मिमी क्ले (गरम केली की मऊ होणारी मेणाची माती). क्ले ओव्हनमध्ये ७० अंशांवर ठेवतो. डिकीच्या कडेला तडा गेलाय, बोटाने ठोकलं की पोकळ वाजतं. शिवाय स्केचमध्ये बरी दिसणारी डिकी मॉडेलवर मागे डबा जोडल्यासारखी वाटते. काय चुकतंय?

साठ_अंश
पोकळ आवाज म्हणजे थर सुटलाय. ७० अंश जास्त होतात. तेल-मेण वेगळं होऊ लागतं आणि क्ले ठिसूळ होते. ५५ ते ६० पुरे. पहिला थर २-३ मिमीचाच घ्या आणि अंगठ्याने रगडून फोममध्ये बसवा. खालचा थर गार झाला असेल तर आधी ओरखडे काढा, हेअर ड्रायरने कोमट करा, मगच पुढचा. हीट गन थर्माकोलवर अजिबात नको, तो आतून आकसतो. पुढच्या वेळी पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा.

कडेलाच तडा का? तिथे फोमचा कोपरा टोकदार राहिला असणार, म्हणून त्यावर क्ले पातळ पडली. कोपरा गोल करा. तडा वरून लिंपू नका. घट्ट क्ले लागेपर्यंत कोरा, कडा तिरक्या करा, आणि हवा बाहेर निघेल असं एका बाजूकडून भरत या.

काळी_टेप
डिकीचं दुखणं या गाड्यांचं जुनंच आहे. २००६ च्या बजेटात ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि २००८ मध्ये टाटाची ४ मीटरच्या आतली सेडान इंडिगो सीएस आली. मागच्या प्रवाशाचं डोकं छताला लागू नये म्हणून छत लवकर उतरवता येत नाही. मग सगळी काटछाट डिकीच्या वाट्याला येते.

पण आधी एक सांगा, मॉडेल उभं राहून बघता का? माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १६०० मिमीवर असतात, म्हणजे १:४ ला सरफेस प्लेटपासून (मॉडेल ठेवलेल्या सपाट टेबलापासून) ४०० मिमी. स्टुलावर बसा, डोळा तिथे आणा, अडीच मीटर मागे जा. ते खऱ्या गाडीपासून १० मीटर झालं. वरून बघितलं की छत आणि डिकीचं झाकणच डोळ्यात भरतं, आणि माणूस नको तिथे क्ले तासत सुटतो.

मग रेघा आखायला मॉडेलवर ३ मिमीची काळी टेप लावा. सी-पिलरचा (मागच्या काचेशेजारच्या खांबाचा) पाया मागच्या चाकाच्या मध्याच्याही मागे न्या, दाराची खांद्याची रेघ न तुटता टेललॅम्पपर्यंत पोचू द्या, डिकीची मागची कड थोडी उचला. टेप पटली की तेवढंच तासा. डोक्याची जागा टेम्पलेटने (कापलेल्या साच्याने) तपासत राहा, १ मिमी चुकला तर गाडीत ४ होतात.

नवशिका_मॉडेलर
उभं राहूनच बघत होतो! पृष्ठभाग एकसारखा, खाचखळग्यांशिवाय झाला हे कसं ओळखायचं?

साठ_अंश
मॅट तपकिरी क्लेवर चूक दिसत नाही. दातेरी रेकने आळीपाळीने तिरपं, आडवं तासा, मग पातळ स्टीलची पट्टी. त्यावर डाय-नॉक फिल्म (रंगासारखी चकाकणारी, ताणता येणारी) लावा: कोमट पाण्यात भिजवा, क्लेही ओली करा, ताणून बसवा, मधून कडेकडे पाणी काढा. ट्यूबलाइटची रेघ खांद्यावरून सरकवत बघा. जिथे ती थरथरते किंवा अचानक जाड होते, तिथे पेन्सिलीने खूण करा, फिल्म काढा, तेवढंच तासा. आधी गाडीची एकच बाजू पूर्ण करा. ती पटल्यावरच मापं घेऊन दुसरी.