फायटर ५ ला जादू हवी आहे: मल्टिक्लास करू द्यावं की सबक्लास बदलू द्यावा?

गोदाकाठचा_डीएम
नाशिकमध्ये आमचा पाच जणांचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, मी डीएम (खेळ चालवणारा). पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. मोहीम इथल्याच नकाशावर बेतली आहे: पंचवटी, रामशेज, अंजनेरी, त्र्यंबक.
एका खेळाडूचा फायटर ५ आहे (फायटर क्लास, पाचवी लेव्हल), सबक्लास म्हणजे क्लासची उपशाखा बॅटल मास्टर. स्ट्रेंथ १६, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १२, विझडम ११, करिझ्मा १३. हातात तलवार आणि ढाल, अंगावर चेन मेल. त्याला आता मल्टिक्लास करून, म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये शिरून, विझार्डची (जादूगाराची) लेव्हल घ्यायची आहे. दुसरी सूचना अशी आली की मल्टिक्लास नको, सरळ सबक्लास बदलून एल्ड्रिच नाइट (जादू वापरणारा फायटर) करू द्या.
दोन्हींत काय मिळतं, काय जातं? आणि एकाला बदल करू दिला की बाकीचेही मागणार, तर त्यासाठी नियम काय ठेवावा?

तेरा_की_चौदा
सहाव्या लेव्हलला विझार्ड मिळूच शकत नाही. मल्टिक्लाससाठी आहे तो क्लास आणि येणारा क्लास, दोन्हींच्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. फायटरला स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी १३, ती आहे. विझार्डला इंटेलिजन्स १३ लागतो आणि इथे १२ आहे. एका गुणासाठी सूट देऊ नका, कारण ही अट हाच मल्टिक्लासवरचा एकमेव खरा लगाम आहे.

मार्ग असा: फायटर ६ ला जास्तीची अबिलिटी स्कोअर वाढ मिळते (४, ६, ८ अशी). त्यात इंटेलिजन्स १३ करायचा. पण दुसरा गुण स्ट्रेंथ किंवा कॉन्स्टिट्यूशनमध्ये टाकला तरी या शीटवर उपयोग जवळजवळ शून्य: स्ट्रेंथ १७ आणि कॉन्स्टिट्यूशन १५ ला मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) तोच राहतो. म्हणजे स्ट्रेंथ १८ सोडून फक्त प्रवेश फी भरली. फीट (गुणवाढीऐवजी घ्यायचं खास कौशल्य) चालत असतील तर ऑब्झर्व्हंट घ्यायला सांगा. त्यात इंटेलिजन्सचा १ मिळतो, वर पॅसिव्ह पर्सेप्शन ५ ने वाढतं.

मग सातव्या लेव्हलला फायटर ६ / विझार्ड १. हातात येतं ते: ३ कॅंट्रिप (कितीही वेळा करता येणारे छोटे स्पेल), वहीत पहिल्या लेव्हलचे ६ स्पेल, त्यातले तयार फक्त २ (मॉडिफायर १ अधिक विझार्ड लेव्हल १) आणि २ स्लॉट (स्पेल करताना खर्च होतात ते). हिट पॉइंट डी६ चे, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाचे. सरासरीने घेतले तर ६ ऐवजी ४, अधिक कॉन्स्टिट्यूशन.

अंजनेरीचा_मांत्रिक
वरच्याशी सहमत. फक्त विझार्डची बाजूही मांडतो. रिच्युअल असलेले, म्हणजे सावकाश विधी म्हणून करता येणारे, स्पेल तयार नसले तरी वहीतून स्लॉट न घालवता करता येतात. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, फाइंड फॅमिलियर वहीत असले की पूर्ण ग्रुपला फायदा. एल्ड्रिच नाइटला ही सोय नाही. शिवाय कॅंट्रिपचं नुकसान एकूण लेव्हलवर चालतं, त्यामुळे विझार्ड १ असूनही फायर बोल्ट २डी१० चा.

पण मारामारीत एल्ड्रिच नाइट पुढे. सातव्या लेव्हलला त्याच्याकडे २ कॅंट्रिप, ५ स्पेल आणि पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे २ स्लॉट असतात. वॉर मॅजिक मिळतं: कॅंट्रिप टाकून बोनस अ‍ॅक्शनमध्ये एक वार. इंटेलिजन्सची अट नाही, म्हणून सहाव्या लेव्हलची वाढ सरळ स्ट्रेंथ १८ ला लावता येते. इंटेलिजन्स १२ वर सेव्ह डीसी (स्पेल टाळायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) मात्र सातव्या लेव्हललाही १२ च (८ + प्रावीण्य ३ + मॉडिफायर १), तेव्हा शत्रूने सेव्ह करायचे स्पेल घेऊच नका. शील्डसारखे घ्या, त्यांना इंटेलिजन्स लागत नाही.

जातं काय: बॅटल मास्टरची तिन्ही मनूव्हर्स, म्हणजे लढाईतले डाव (सातव्या लेव्हलची दोनही मिळत नाहीत), त्यांसाठी वापरायचे सुपिरिऑरिटी डाइस आणि कारागिरीच्या अवजारांचं प्रावीण्य. हे शीटवरून खोडायला हमखास राहतं.

दोन्हीकडे अडचण एकच आणि ती पहिल्याच लढाईत कळते: हात. तलवार आणि ढाल धरली की सोमॅटिक (हातवारे लागणाऱ्या) स्पेलला हात मोकळा नाही, आणि शील्ड स्पेल सोमॅटिकच आहे. वॉर कास्टर फीट तरी हवं, नाहीतर दोन्ही हातांची तलवार. ती एका हाताने नुसती धरून स्पेल करता येतो. चेन मेलची काळजी नको. फायटर म्हणून प्रावीण्य आहे, त्यामुळे त्यात स्पेल चालतात.

दुतोंड्या_पाणीपातळी
सबक्लास बदलायला २०२० च्या टाशाच्या पुस्तकात (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) पर्यायी नियम आहे: डीएमची परवानगी असेल तर नवीन सबक्लास फीचर मिळण्याच्या लेव्हललाच बदल. फायटरला ती लेव्हल ७. म्हणजे दोन्ही रस्ते सातव्यालाच उघडतात, आणि तुमच्या खेळाडूला मी एल्ड्रिच नाइटच सुचवेन.

बाकीच्यांसाठी पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची रीट्रेनिंगची (आधीची निवड बदलण्याची) चौकट उचला, ती फार विचारपूर्वक बांधली आहे. फीट किंवा स्किल बदलायला एक आठवड्याचा डाउनटाइम (मोहिमेबाहेरचा वेळ), क्लासमधली मोठी निवड बदलायला निदान महिना. वंश, बॅकग्राउंड, क्लास बदलत नाही. सगळ्यात मोलाचं कलम: जुनी निवड ज्या लेव्हलला केली, त्या वेळी जे घेता आलं असतं तेच आता घेता येतं. हे वगळलं की खेळाडू चौथ्या लेव्हलचं फीट काढून आठव्या लेव्हलच्या गुणांवर मिळणारं फीट तिथे बसवतात.

क्रमही सांभाळा. एखाद्या फीटवर दुसरं टेकलेलं असेल तर आधी वरचं काढायचं, मग खालचं. पाथफाइंडरमध्ये डेडिकेशन फीटही (आर्केटाइप नावाच्या जोडशाखेत शिरायचं पहिलं फीट) त्या आर्केटाइपची बाकीची फीट असेपर्यंत काढता येत नाही.

तुमच्या नकाशावर डाउनटाइमला चातुर्मास वापरा. गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या (नाशिकला पुराची पातळी जिच्यावरून सांगतात ती मूर्ती) कमरेला लागली, रस्ते बंद, कुणी मोहिमेवर निघत नाही. एका चातुर्मासात एका पात्राला एकच मोठा बदल, आणि गुरूही हवा: एल्ड्रिच नाइटसाठी त्र्यंबकच्या आखाड्यात शस्त्र आणि मंत्र दोन्ही जाणणारा कुणी. गुरूची अट ठेवली की मागण्या आपोआप कमी होतात.

गोदाकाठचा_डीएम
चातुर्मासाची कल्पना फार आवडली, तशीच घेतो. अजून एक: दुसऱ्या खेळाडूचा पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा) ६ आहे, त्याला पुढे सॉर्सरर (जादूचाच एक क्लास) घ्यायचा आहे. स्लॉट कसे मोजायचे?

तेरा_की_चौदा
पॅलाडिनची निम्मी लेव्हल (२०१४ च्या पुस्तकात अपूर्णांक खाली धरून, २०२४ च्या पुस्तकात वर धरून) अधिक सॉर्सररची पूर्ण. पॅलाडिन ६ / सॉर्सरर ४ म्हणजे ३+४=७, स्लॉट ४, ३, ३, १. गल्लत इथेच होते: स्पेल मात्र प्रत्येक क्लासचे वेगळे मोजायचे. त्याला दोन्हीकडून दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल मिळतात. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलचे स्लॉट आहेत म्हणून फायरबॉल येत नाही. ते स्लॉट डिव्हाइन स्माइटला (स्लॉट खर्चून पॅलाडिनच्या वाराला जास्त नुकसान) किंवा लहान स्पेल वरच्या लेव्हलने करायला. एक्स्पीरियन्स पॉइंट एकूण लेव्हलच्या तक्त्याने: सातव्या लेव्हलला एकूण २३,००० लागतात, नवीन क्लासची ती पहिलीच लेव्हल असली तरी.